फोटोवरची सोयरीक

फोटोत पाय दिसलेच पाहिजेत, असा आमच्या घरमालकीणबाईंचा नियम होता. लग्नाळू मुलगा कितीही देखणा असो, फोटो कमरेपर्यंतचा आला की तो परत जायचा. "पायापासनं काढून पाठव. कमरंच्या वर समदीच राजे असत्यात," असं त्या फोनवर मुलाच्या बापाला सुनवायच्या. मग तो मुलगा दुसऱ्या दिवशी आपल्याच घराच्या उंबऱ्याशी, चपलांसकट, ताठ उभा राहून पुन्हा फोटो काढून घ्यायचा. गॉगल चालत नसे. मित्राची बुलेट चालत नसे. पाठीमागं धरण, डोंगर, रिसॉर्टचा झोपाळा, यातलं काही चालत नसे. "लगीन करून पोरगी काय धरनात ऱ्हानार हाय? घर दाव की," असं त्यांचं म्हणणं.

रिहे खोऱ्यात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी काही वर्षं भाड्यानं राहिले. मी लातूरची. नोकरी हिंजवडीत, आणि काम असं की माझ्या आईला ते अजून नीट समजलेलं नाही: लोकांच्या कंपन्यांनी इन्स्टाग्रामवर आणि फेसबुकवर रोज काय टाकायचं ते आम्ही ठरवायचो. घरमालकीणबाईंना मात्र ते पहिल्याच दिवशी समजलं. सगळं खोरं त्यांना आक्का म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले. खोली दाखवायला जिना चढता चढता त्यांनी विचारलं, "म्हंजी तू मोबाईलमंदी दुसऱ्याची जाहिरात करती?" मी हो म्हटलं. "मी बी त्येच करते," म्हणाल्या, आणि डिपॉझिटचं बोलायच्या आधी त्यांनी आपलं पेज माझ्या नाकापुढं धरलं.

आक्का सोयरिकी जुळवायच्या. पूर्वी हे काम त्या एसटीनं हिंडून, दळणाच्या गिरणीत बसून, कुणाच्या बारशाला कुणाच्या पूजेला जाऊन करत. आता गळ्यात लोकरीच्या पिशवीत मोबाईल असायचा आणि मुळशी-मावळातली अर्धी लग्नाळू पोरं त्या पिशवीत असायची. दक्षिणा म्हणून फक्त नारळ घ्यायच्या. लग्नसराईत जिन्याखाली नारळांचा ढीग साठायचा आणि वरच्या आम्हा भाडेकरूंना इतका नारळ वाटला जायचा की चटणीचं नाव काढलं तरी नको वाटे.

पेज त्यांच्या मुलानं काढून दिलं होतं. पुढं त्यानं त्यातून अंग काढून घेतलं आणि ते काम आपोआप माझ्याकडं आलं. मी फोटो चढवायची, खाली गाव, शिक्षण, शेती लिहायची. जुळलं की आक्का जिन्याच्या तळापासून ओरडायच्या, "पोरीऽ, त्या माले गावच्याला उतरव!" हळद लागायच्या आत मुलाचा आणि मुलीचा फोटो पेजवरून गेलाच पाहिजे, हा त्यांचा दुसरा नियम. मी सांगून बघितलं की जुळलेली लग्नं दाखवली तर पेजचं नाव होईल. त्यांनी ऐकून घेतलं नाही. कमेंटना मात्र त्या स्वतः उत्तर द्यायच्या, मोबाईलमध्ये बोलून, तेही समोरचा बहिरा असल्यासारखं. कुणी 'नाईस पिक' लिहिलं की खाली आक्कांचं उत्तर: 'नाईस हाय तर बापाला फोन करायला सांग.'

फोटोवरून माणूस ओळखतो असा त्यांचा दावा होता, आणि तो बऱ्याचदा साफ चुकायचा. एकाला बघून म्हणाल्या, "गरीब गाय हाय बघ." दोन दिवसांनी कळलं की गरीब गायीनं जत्रेत मारामारी करून एकाचं डोकं फोडलं होतं. आक्का म्हणाल्या, "मंग धाडशी हाय. बायकूला सांभाळंल." चुकलं म्हणून कबूल करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. शब्द फिरवायच्या, विषय फिरवायच्या, आणि अगदीच अडचण झाली तर स्वयंपाकघरात निघून जायच्या.

निळ्या कोटाची गोष्ट खोऱ्यात अजून सांगतात. पौडच्या एका फोटो स्टुडिओत एकच कोट होता. आक्कांच्या पेजसाठी जो तो तिथं जाऊन तोच कोट चढवून यायचा. सडपातळ मुलावर तो लोंबायचा, जाड मुलाच्या पोटावर बटण लागायचं नाही. त्यात आक्कांचा पायांचा नियम, त्यामुळं वर निळा कोट आणि खाली चिखलाची प्लास्टिकची चप्पल अशी पोरं पेजवर एकाखाली एक उभी होती. शेवटी मावळातल्या एका मुलीच्या आईनं फोन करून सरळ विचारलं, "आक्का, ह्या कोटाचं लगीन झालं का?" त्यानंतर कोट बंद झाला.

हसण्यावारी नेलं तरी त्यामागची गोष्ट हसण्याची नव्हती. या पोरांची लग्नं होत नव्हती. जमीन आहे, वर खोल्या बांधून भाडं येतंय, दारात गाडी आहे, आणि तरी मुलीकडचे पहिला प्रश्न विचारायचे: नोकरी कुठं, पुण्यात फ्लॅट आहे का? तिशी ओलांडलेली मुलं पारावर बसलेली दिसायची आणि आक्का त्यांच्यासाठी जीव तोडून फोन करायच्या. आणि त्यातला सर्वांत मोठा घोर त्यांच्याच घरात होता. त्यांचा मुलगा चौतिशीला आलेला. हिंजवडीतल्या कंपन्यांच्या माणसांची ने-आण करणारी गाडी चालवायचा. सरळ, कमी बोलणारा, दिसायला चांगला. पेजवर त्याचा फोटो मात्र नव्हता. गाव मागं बोलायचं, दिव्याखाली अंधार. आक्कांच्या कानावर ते यायचं, आणि ज्या दिवशी यायचं त्या दिवशी त्या कुणाशी बोलत नसत.

आमचं भांडण व्हायचं ते व्हिडिओवरून. ऑफिसात मी दिवसभर तोच वाद ऐकायची. एका बिल्डरच्या टॉवरची जाहिरात आमच्याकडं होती आणि फोटो टाकायचा की रील, यावर काचेच्या खोलीत माणसं तावातावानं बोलायची. उत्तर सगळ्यांना माहीत असायचं. फोटोवर ओळखीचे लोक बदाम टाकतात, व्हिडिओ अनोळखी लोकांपर्यंत पोचतो. संध्याकाळी घरी येऊन मी हेच आक्कांना सांगायची. पौडच्या बाजूला दुसऱ्या एकानं असंच पेज काढलं होतं, त्यात गाणी लावलेली रील असायची, पोरं ट्रॅक्टरवरून उतरताना, म्हशींना पाणी पाजताना दिसायची. त्याच्याकडं गर्दी वाढत होती.

"आक्का, फोटोत माणूस खांबासारखा उभा असतो. चालणं-बोलणं दिसलं तर मुलीला कळेल ना कसा आहे ते."

"तुज्या हापिसात व्हिडिओ कशाचा करत्यात?"

"बिल्डिंगचा."

"बिल्डिंग काय लगीन मोडून जात न्हाई," आक्का म्हणाल्या आणि तांदूळ निवडत बसल्या. मला वाटलं, बाईंना नवीन काही नकोच आहे. मी चिडून वर निघून गेले.

मालेगावचा नव्हे, आपल्या पौडच्या पुढच्या माल्याचा एक मुलगा तर स्वतःच आक्कांकडं येऊन म्हणाला, माझा व्हिडिओ टाका. पॉवर टिलरनं चिखलणी करतानाचा. भातखाचरात गुडघाभर चिखल, मागं बगळे, आणि हा पठ्ठ्या टिलर वळवतोय असा, खरंच झकास व्हिडिओ होता. आक्का म्हणाल्या, न्हाई. तो दुसऱ्या पेजवर गेला. तिथं त्याचा व्हिडिओ तुफान चालला, पार कोल्हापूरकडून बदाम आले. मी तो आक्कांना मुद्दाम दाखवला. महिन्याभरानं तोच मुलगा तोंड पाडून परत आला. फोन पुष्कळ आले होते, पण सगळे चिखलणीला येतोस का म्हणून. मुलीकडचा एकही नव्हता. आक्का इतक्या हसल्या की डोळ्याला पदर लावावा लागला. मग त्यांनी त्याला दारात उभा करून फोटो काढायला लावला, पायांसकट, आणि त्याचं पुढच्या वर्षी जमलं. माझं तोंड बंद झालं, पण मत बदललं नाही.

आक्कांच्या हट्टामागं काय आहे, ते मला त्यांच्या मुलाकडून कळलं. एकदा माझी नेहमीची गाडी आली नव्हती आणि तो मला हिंजवडीला सोडायला निघाला होता. माण गावाच्या पुढं गाड्या तुंबल्या होत्या, पुढं सरकायचं नाव नाही. मी सहज म्हटलं, दादा, तुमचा एक साधा व्हिडिओ करते, आक्कांना मी पटवते.

त्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं. "ताई, तुमाला कुनी सांगितलं न्हाई व्हय?" असं म्हणून त्यानं मोबाईलमध्ये काहीतरी शोधलं आणि मोबाईल मागं दिला.

त्याच्याच साखरपुड्याचं रील होतं. हॉलच्या दारातून ड्रोन आत शिरतो, खुर्च्यांवरून उडत स्टेजवर जातो, मग सगळं संथ होतं, गाणं सुरू होतं. हा निळ्या जॅकेटात, शेजारी हिरव्या साडीत मुलगी. दोघं एकमेकांना पेढा भरवतात, वरून फुलं पडतात. मी सवयीनं बघितलं: कट चांगले होते, गाणं नेमकं बसलं होतं.

"आक्कानंच सांगून करून घेतला," तो म्हणाला. "पेजवर टाकला. आमच्याकडं जुळल्याली सोयरीक म्हनून. लई चालला. गाण्यावाल्या पेजांनी उचलला, हिकडनं तिकडं गेला. अन् लग्नाच्या तोंडावर ती पोरगी मामाकडं निघून गेली. मामाचा फोन आला, पोरीची तयारी न्हाई. पुढं तिनं तिच्या पसंतीनं लगीन केलं. झालं."

"आणि हे अजून आहे?"

"आमी काढला. व्हिडिओवाल्यानं बी काढला. पर एक पुसला की दुसरीकडं निघतोय. स्थळ आलं की लोक आदी मोबाईल बघत्यात. मंग फोन उचलत न्हाईत." त्यानं हॉर्न वाजवला, उगाचच, कारण पुढं जायला जागाच नव्हती. "खाली अजून लोक लिवत्यात, जोडी नंबर एक."

मला त्याच्याकडं बघवेना. त्या दिवसापासून मी व्हिडिओचा विषय काढला नाही. आक्का त्या मुलीबद्दल कधीमधी बोलत, नाव न घेता, 'ती' म्हणून. "ती खोटारडी. साखरपुड्याला कशी गोड दिसत व्हती, अन् पोटात काय निगालं." ते रील त्यांनी नंतर कधी उघडलं नव्हतं. समोर आलं की मोबाईल पालथा घालायच्या.

मग एका रविवारी सकाळी एक मुलगी दारात आली. बरोबर तिची आत्या होती. मुलगी पिरंगुटला एका औषधांच्या दुकानात कामाला होती, घर मावळात. आक्कांनी चहा टाकला आणि नेहमीच्या उत्साहानं फोटो दाखवायला घेतले. हा बघ, ह्याची वीट-भट्टी हाय. हा बघ, ह्याला आई न्हाई, सासुरवास न्हाई. मी पायरीवर बसून हसत होते. मुलीनं चार फोटो बघितले, बोट वर केलं आणि म्हणाली, "ह्यातला नको. तुमचा मुलगा हाय ना, त्यांच्यासाठी आले मी."

आक्कांचा हात तिथंच थांबला. "त्याचा फोटो पेजवर न्हाई."

"मी व्हिडिओ बघितलाय."

आत्यानं तिच्या मांडीवर हळूच चापट मारली. मुलगी थांबली नाही. गोरीमोरी झाली होती, पण बोलत राहिली. "साखरपुड्याचा. आधी गाण्यासाठी बघितला. पेढा भरवताना तिच्या साडीवर सांडंल म्हणून ह्यांनी खाली हात धरला. स्टेजवरचे समदे कॅमेऱ्याकडं बघत व्हते. हे एकटेच तिच्याकडं बघत व्हते. मोडलं ते बी मला म्हाईत हाय. चौकशी केलीया मी."

 आक्का उठल्या, आणि मला वाटलं आता स्वयंपाकघरात जातात. पण त्यांनी मुलाला हाक मारली. तो मागच्या अंगणात गाडी धूत होता, तसाच ओल्या पायांनी आला. त्या दोघांना बोलायला मागच्या पडवीत बसवलं. त्यांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मुलगी जाताना हसत होती एवढं मी बघितलं.

पाहुणे गेल्यावर आक्का पायरीवर माझ्या शेजारी येऊन बसल्या. "तो व्हिडिओ काड," म्हणाल्या. "आवाज बंद कर. ते गानं नको मला."

मी काढून दिला. त्यांनी मोबाईल लांब धरला, मग डोळ्यांजवळ नेला. मुलाचा हात आला तिथं म्हणाल्या, "व्हय गं, खरंच धरलाय की." चेहरा फुलला होता. पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा बघताना मधेच त्यांनी बोट दाबून चित्र थांबवलं.

"हा हात कुनाचा?"

मी वाकून बघितलं. हिरव्या साडीतल्या मुलीची मान खाली होती. बाजूनं एक बाईचा हात आत आला होता, हिरवा चुडा आणि पुढं सोन्याची पाटली, आणि त्या हातानं मुलीची हनुवटी धरून तोंड कॅमेऱ्याकडं वर केलं होतं. मी हे रील बघितलं होतं, आणि मला हा हात दिसला नव्हता. आक्कांनी आपलं मनगट मोबाईलशेजारी धरलं. पाटली तीच होती.

"माजाच हाय," त्या म्हणाल्या.

पुढं लावायला सांगितलं. हात बाजूला गेला आणि मुलीची मान पुन्हा खाली गेली. एवढंच. क्षणभराचं होतं, वरून फुलं पडत होती, कुणाच्या लक्षात येणार होतं? आक्कांनी ते पुन्हा पुन्हा बघितलं. त्या ओळखीच्या, भांडखोर चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मला सांगता येणार नाही. "हिच्या मनात नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "समद्या जगानं बघितलं. मीच बघितलं न्हाई. कॅमेरा हाय, मान वर कर, मान वर कर, असं मीच म्हनत व्हते तिला." आणि मग त्यांनी त्या मुलीचं नाव घेतलं. इतक्या दिवसांत मी ते पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी शब्द फिरवला नाही, विषय फिरवला नाही, पायरीवर बसून त्या मोठ्यानं रडल्या. मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

दुसऱ्या दिवसापासून पेजचं काम बदललं. मुलीचा फोटो आला की आक्का आधी मुलीला फोनवर घ्यायच्या, बापाला नाही. "आजूबाजूला कोन हाय? बाहीर जा अन् मंग बोल," असं दरडावून सांगायच्या. काही घरांनी त्यावरून राग धरला. दोन-तीन फोटो मुलींनीच नको म्हटल्यामुळं चढलेच नाहीत. मी ऑफिसात अजूनही फोटो की व्हिडिओ यावर बोलते, त्याचे पैसे मिळतात. पण काढणाऱ्याला काय बघायचंय ते तो आधीच ठरवून आलेला असला तर दोन्हीत काही फरक नाही, हे मला त्या काचेच्या खोलीत कुणी शिकवलं नव्हतं.

त्या दोघांचा साखरपुडा त्याच हॉलमध्ये झाला. दुसरा मिळत नव्हता. व्हिडिओवालाही तोच, ड्रोन घेऊन आलेला, आणि आक्कांना बघून जरा बिचकलेला. "आक्का, नुसते फोटो काढू का रील बी करू?" त्यानं विचारलं. आक्का म्हणाल्या, थांब.

नवरीच्या खोलीत मी साडीला पिना लावत होते. आक्का आत आल्या आणि आत्या, मावश्या, मैत्रिणी, सगळ्यांना त्यांनी बाहेर काढलं. माझ्या हातात पदर होता म्हणून मी राहिले. त्या मुलीपुढं खाली बसल्या, इतक्या जड शरीराच्या बाई, गुडघे धरून.

"बाई, अजून काय बी झाल्यालं न्हाई," त्या म्हणाल्या. "मनात नसंल तर आत्ता सांग. बाहीर जाऊन मी सांगते, माज्या पोराला नको हाय म्हनून. तुला कुनी बोलनार न्हाई."

मुलगी म्हणाली, "आक्का, मीच आले व्हते ना तुमच्या दारात?"

"आली व्हतीस. तरी इचारते."

"मला करायचंय."

"अन् ते रील?"

"करू द्या की. आईला दाखवायचंय."

आक्का भिंतीला धरून उठल्या, डोळे पुसले, बाहेर गेल्या. दार उघडंच होतं. हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी व्हिडिओवाल्याला सांगितलं, "काढ. पर मान वर कर म्हनून तिला कुनी सांगायचं न्हाई."